न विझलेली काडी

काडी विझली नाही. पिंपाभोवती गुंडाळलेलं ब्लँकेट सैल करून, झाकण थोडंसं सरकवून मी पेटती काडी आत धरली होती. अशा वेळी ती विझायला हवी. बिअर जागी असली की तिच्या अंगावर जड हवेचा थर साचलेला असतो. ज्योत त्यात शिरली की कुणीतरी चिमटीत धरून दाबावी तशी नाहीशी होते. ही नाहीशी झाली नाही. सरळ, पिवळी, वेदीवरच्या मेणबत्तीसारखी निवांत जळत राहिली, सरकत सरकत माझ्या नखापर्यंत आली आणि शेवटी मीच हात झटकला. दुसरी ओढली. तीही जळली. तिसरी ओढायचा धीर झाला नाही. काडेपेटी अ‍ॅप्रनच्या खिशात टाकली आणि पिंपासमोर गुडघ्यांवर तशीच बसून राहिले, जशी पहाटे प्रार्थनेला बसते तशी, फक्त आता तोंडात शब्द नव्हता. शेजारच्या अंगणात बांधलेला आमचा बैल एकदा ओरडला आणि गप्प झाला. तो कालच आला होता. उद्या सकाळी तो कापायचा होता, आणि त्याच्या आधी ही बिअर तयार असायला हवी होती.

काडी जळत राहते ती दोन कारणांनी. बिअर अजून जागीच झाली नसेल तरी जळते, आणि तिचं सगळं होऊन गेलं असेल, आंबून फसफसून ती निवली असेल, तरीही जळते. लग्न होऊन मी क्वामाशूच्या या वस्तीत आले त्या वर्षी सासूबाईंनी मला याच खोलीत, याच जागी बसवून सांगितलं होतं, "काडीला फक्त मधलं कळतं, सूनबाई. आधीचं आणि नंतरचं तिला सारखंच दिसतं. ते नाकानं ओळखायचं." त्या झाकणही काढत नसत. खोलीच्या दारात उभ्या राहून एकदा श्वास घ्यायच्या आणि म्हणायच्या, अजून नाही. किंवा म्हणायच्या, चला, गाळणी आणा. मी मक्याचं पीठ आणि मोडाची ज्वारी बुधवारी शिजवली होती. संध्याकाळी गार झाल्यावर वरून आणखी मोड दळून घातले, ढवळलं, ब्लँकेट गुंडाळलं. नेहमीच्या हिशेबानं आज शुक्रवारी सकाळी तिनं फसफसत असायला हवं होतं. पण काल दिवसभर डोंगराकडचा गरम वारा सुटला होता, छपराचा पत्रा तव्यासारखा तापला होता, आणि कालचा दिवस मी या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. काल गुरुवार. गुरुवारी चर्चमध्ये बायकांची प्रार्थना असते. त्या दिवशी प्रार्थनेच्या बायकांचा लाल ब्लाउज अंगात घातला की तो उतरवून घडी घालून ठेवेपर्यंत मी बिअरकडे बघत नाही, आणि उतरवल्यावरही नाही, झोपेपर्यंत नाही. हा नेम मी कधी मोडलेला नाही. त्यामुळे काल काय झालं ते मला माहीत नव्हतं. ती झोपूनच राहिली असेल, तर आत्ताच आणखी मोड घालून तिला ऊब द्यायला हवी होती. होऊन गेली असेल, तर आत्ताच गाळायला हवी होती, कारण अशा उकाड्यात निवलेल्या बिअरवर आणखी मोड टाकले तर उद्यापर्यंत तिचा नुसता शिरका होतो. दोन्ही एकदम करता येत नाही. पिंपाच्या आतल्या कडेला फेस चढून उतरल्याची खूण बघावी तर तिथे इतक्या वर्षांच्या इतक्या खुणा एकीवर एक वाळलेल्या होत्या की त्यातली कालची कोणती, हे सांगता आलं नसतं.

उद्या हे घरी यायचे होते. हे म्हणजे माझे यजमान. ते गेले त्याला वर्ष उलटलं, मी काळे कपडे उतरवले, आणि आता त्यांना परत आणायची वेळ झाली होती. उद्या उजाडताना थोरले भावजी काटेरी झाडाची फांदी घेऊन दफनभूमीत जातील, कबरीवर ती फांदी फिरवून म्हणतील, चल, घरी जाऊ. मग ती फांदी हातात असेपर्यंत वाटेत दुसऱ्या कुणाशी बोलणार नाहीत, फक्त तिच्याशीच बोलत येतील: हा पूल आला बघ, ही तुझी शाळा, आता उतरायचं. टॅक्सीत तिच्यासाठी शेजारची जागा मोकळी ठेवतील आणि तिचंही भाडं देतील. त्या रिकाम्या सीटचा विचार मनात आला की माझ्या पाठीतून पाणी उतरल्यासारखं व्हायचं. मग फाटक उघडेल, फांदी पूर्वजांच्या या खोलीत येईल, मागच्या भिंतीपाशी जिथे पिंप ठेवलंय तिथेच टेकवली जाईल, आणि हे कायमचे आत येतील. सगळे म्हणतात, मेलेला माणूस परत येतो तो चांगला होऊन येतो, घर सांभाळायला येतो. मी मान हलवते. चांगलं व्हायला एक वर्ष पुरतं का, हे मात्र मी कुणाला विचारलेलं नाही. काडी जळत राहिली तेव्हा पहिल्यांदा मला काय वाटलं होतं? मला बरं वाटलं होतं. बिअर नाही तर येणं नाही. छातीवरचा दगड कुणीतरी क्षणभर उचलला, आणि लगेच दुप्पट जोरानं परत ठेवला, कारण तेवढ्यात मला आठवलं की बिअर उठली नाही तर लोक काय म्हणतील.

म्हणतील काय, म्हणतच होते. हे गेले ते एका शुक्रवारी रात्री जेवून झोपले ते उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, यकृत आधीच गेलेलं होतं. पण दफनाच्या दिवशी तंबूत, चहाच्या पातेल्याशेजारी उभं राहून यांचे एक चुलते मोठ्यानं म्हणाले होते, "जेवण कुणी वाढलं होतं?" बस, एवढंच. मी पलीकडे चटईवर काळ्या शालीत बसले होते, माझ्यापर्यंत ते ऐकू आलं, आणि तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की मला ऐकू आलं. त्या दिवसापासून यांची थोरली बहीण, झोडवा वन्सं, आमच्या घरचं पाणी पीत नाहीत. महिन्यातून एकदा येतात, स्वतःच्या चहाचा थर्मास घेऊन येतात. टेबलावर ठेवतात, झाकणात ओतून पितात, झाकण पुसून परत लावतात. "साखर कमी केलीय गं डॉक्टरनं," म्हणतात. मी म्हणते, "हो, वन्सं." उद्या त्या माझ्या समोर बसतील. आमच्याकडे पहिला घोट बिअर लावणारीनं घ्यायचा असतो, सगळ्यांदेखत, भांड्यात काही कालवलेलं नाही हे आपल्या घशानं दाखवायचं असतं. तिनं गिळल्यावरच भांडं पुढे जातं. इतकी वर्षं सासूबाई होत्या, मी लावलेलीही घरातल्या मोठ्या म्हणून त्याच प्यायच्या. उद्या मला प्यायची होती. आणि मी पीत नाही.

थांडाझो माझ्या पोटात होती तेव्हाची गोष्ट. तिच्या आधीची दोन पोटातच गेली होती. तेव्हा मी प्रभूला सांगितलं होतं, हे राहू दे, माझ्या ओठांना पुन्हा कधी बिअर लागणार नाही. ती राहिली. थांडाझो म्हणजे प्रार्थना, तेच नाव मी तिला ठेवलं. तेव्हापासून पहाटे सिमेंटवर गुडघे टेकल्याशिवाय मी चूल पेटवलेली नाही, गुरुवारी दुपार टळेपर्यंत तोंडात घास घातलेला नाही, आणि इतक्या बिअर लावल्या, लग्नाच्या, बारशाच्या, मर्तिकाच्या, एकीचाही थेंब जिभेवर घेतलेला नाही. प्रार्थनेच्या आमच्या पुढारी बाई म्हणाल्या होत्या, "हातांनी बिअर लाव, मामबांबो. हात घरच्यांचे असतात. ओठ देवाचे." मामबांबो मी, माहेरच्या कुळाच्या नावानंच सगळे मला हाक मारतात. उद्यासाठी मी ठरवून ठेवलं होतं की भांडं ओठांना नुसतं लावायचं, घसा हलवायचा, गिळायचं नाही. प्रभूची माफी आधीच मागून ठेवली होती. पण वन्संचे डोळे घशावर असणार, आणि मला खोटं नीट करता येत नाही. लहानपणापासून येत नाही.

"आई, इतका वेळ काय करतेस आत? ती बिअर आहे की बाळ?" थांडाझो दारात उभी होती, दुकानाचा निळा युनिफॉर्म घातलेला, एका कानात डूल, दुसरा हातात.

"आत येऊ नकोस, चपला आहेत पायात."

"येत नाहीये. आत्याचा फोन होता. दुपारी नाही, आत्ताच येतेय म्हणाली. ज्वारीचे मोड घेऊन येतेय. म्हणाली, तुझ्या आईच्या हातावर माझा भरवसा नाही." ती आत्याच्या आवाजात बोलत होती, नाकातून, तपकीर ओढल्यासारखं. मग माझा चेहरा बघून तिनं आवाज बदलला. "काय झालं? नाही उठली?"

"कळत नाहीये."

"मग मी पिऊन बघू? एक चमचा. कुणाला सांगणार नाही."

"नाही." मी इतक्या जोरात बोलले की मलाच दचकायला झालं. ती यांच्यासाठी लावलेली होती. जिनं लावली तिच्याशिवाय दुसऱ्या कुणी ती यांच्या आधी तोंडाला लावायची नसते, आणि माझ्या मुलीनं तर नाहीच. यांच्या भांड्यातलं काहीही तिच्या तोंडात जावं हे मला नको होतं. का नको, त्याला मी शब्द दिला नाही. "तू फक्त सांग, वास कसा येतोय?"

ती हसली. "बिअरसारखा. आणखी कसा येणार? तीन दिवस सगळ्या घराला तोच वास आहे, माझ्या केसांना आहे. काल दुकानात एकानं विचारलं, ताई, तुमच्याकडे कार्यक्रम आहे का?" तिनं दुसरा डूल अडकवला. "दुकानात तोंड दाखवून लगेच परत येते, येताना पाव आणते. किती आणू? आणि आई, इतकी घाबरू नकोस गं. बाबाच येतायत, पोलीस नाही येत."

ती गेली. अंगण ओलांडून फाटकापाशी पोचली आणि फाटक उचलून उघडलं, उचलून लावलं. आमच्या फाटकाची बिजागरी खचलेली आहे. उचललं तर आवाज होत नाही, नुसतं ढकललं तर लोखंड सिमेंटवर घासतं आणि खर्रर्र करत तो आवाज सगळ्या गल्लीत जातो. हे कधी उचलत नसत. पायानं ढकलत. शुक्रवारी संध्याकाळी तो आवाज झाला की मी हातातलं काम ठेवायचे आणि पावलं ऐकायचे. पावलं सरळ आली तर जेवण वाढायचं. एक पाऊल दुसऱ्यापेक्षा उशिरा पडत असेल तर आधी थांडाझोला शेजारी पाठवायचं. फाटकापासून दारापर्यंत जेवढा वेळ लागतो तेवढ्यात एवढं सगळं ऐकून ठरवायचं असे. त्याच कानांनी मी आता पिंपाला कान लावला. आत काही नव्हतं. ना सळसळ, ना बुडबुडा. आतून फक्त माझ्याच कानातलं रक्त ऐकू येत होतं.

थांडाझोला मी वास विचारला आणि तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. ज्या हिवाळ्यात ती पाचवीत होती, त्या हिवाळ्यात एका शुक्रवारी फाटक वाजलं, पावलं मी नीट ऐकली नाहीत, आणि जेवण गार झालेलं होतं. पुढचं मला सलग आठवत नाही. आठवतं ते नाकाच्या हाडाचा आवाज, जो बाहेरून नाही, डोक्याच्या आतून ऐकू येतो. वन्सं तेव्हा आमच्याकडे राहायला आलेल्या होत्या. त्यांनीच टॉवेलात बर्फ गुंडाळून माझ्या चेहऱ्यावर दाबला, त्यांनीच मला दवाखान्यात नेलं, आणि टॅक्सीतून उतरताना माझा दंड धरून कानात म्हणाल्या, "दार लागलं म्हण." मी नर्सला म्हणाले, दार लागलं. नाक जुळलं, जरा वाकडं जुळलं. काही आठवड्यांनी चुलीवर दूध करपून काळं झालं, शेजारीण ओरडत आली, तेव्हा मला कळलं की मला वास येत नाहीये. वाट बघितली. आला नाही. पावसानंतरची माती, थांडाझोचं डोकं, सासूबाईंची शाल, सगळं कुठेतरी दाराबाहेर राहिलं. मी कुणाला सांगितलं नाही, कारण जिला वास येत नाही तिला बिअर कोण लावू देईल? मी काडीवर भागवायला शिकले. लवकर लवकर बघायचं, पुन्हा पुन्हा बघायचं, मधली वेळ निसटू द्यायची नाही. आजवर एकदाही निसटली नव्हती.

आणि रात्री मी बघू शकले असते. ही गोष्ट मी स्वतःपासूनही दूर ठेवत होते. लाल ब्लाउज घडी घालून ठेवल्यावर मी अंथरुणावर पडले होते. वारा पत्र्याला उचलून आपटत होता. मधेच तो थांबला आणि भिंतीपलीकडे, या खोलीत, कुणीतरी श्वास घेत होतं. मोठा, ओला, घशात अडकत येणारा श्वास. हे दारू पिऊन झोपले की असाच श्वास घेत. मी अंगावरची चादर दातांत धरली. थांडाझो दुसऱ्या खाटेवर झोपलेली होती, ती माझ्यासमोर होती, म्हणजे तो श्वास तिचा नव्हता. मला वाटलं, हे वाट बघायला तयार नाहीत. फांदी, बैल, भावजींचं बोलावणं, कशासाठीच थांबले नाहीत. एक दिवस आधीच येऊन आपल्या जागी झोपलेत. उठून बघायला हवं होतं. मी उशी कानांवर दाबली आणि प्रार्थना म्हणत राहिले, पण शब्दांची टोकं तुटत होती, आणि अधूनमधून उशी सैल झाली की तो श्वास होताच. पहाटे होता की नाही ते माहीत नाही. पहाटे वारा परत सुटला होता.

वन्सं येत होत्या. पलीकडच्या फिनिक्स वस्तीतून टॅक्सीनं किती वेळ लागतो ते मला ठाऊक होतं. मी उठले, भोपळ्याचा डवला घेतला, झाकण पूर्ण बाजूला केलं. वरचा पापुद्रा तपकिरी, गुळगुळीत, काही सांगत नसलेला. मी मोठ्यानं म्हणाले, "प्रभू, मला दुसरा रस्ता दिसत नाही." त्यानं काही दुसरा दाखवला नाही. डवला आत बुडवला. वर काढताना अर्धी परत पिंपात सांडली. ओठांना लावली आणि ओठ उघडायला मला फार वेळ लागला. वर्षानुवर्षं शिवलेली शिवण उसवावी तसे ते उघडले. मग मी घोट घेतला.

आंबट होती. जिभेच्या दोन्ही कडांना चावली, मागे मोडांचा कडवटपणा ठेवून गेली, आणि गोडी कुठेच नव्हती. मी ती जिभेवर फिरवली, शोधली. शिजवलेल्या पिठाची ती आळशी गोडी, जी बिअर झोपलेली असेपर्यंत राहते, तिचा मागमूस नव्हता. नाकाशिवाय जिभेला फार थोडं कळतं, पण एवढं कळत होतं. झालेली होती. कधीच झालेली होती. ती काल उठली, रात्रभर फसफसली आणि पहाटे निवली, आणि रात्री भिंतीपलीकडे जो श्वास ऐकू येत होता तो हिचा होता. मी पिंपाकडे बघत राहिले. हाच तो मोठा, ओला, अडकत येणारा श्वास. मी घरात नव्हते असं नाही, मी एका भिंतीच्या अंतरावर होते आणि उशी दाबून धरली होती. मला वाटलं की आता हायसं वाटेल. वाटलं नाही. भीती हलली, पण गेली नाही. तिनं नुसती जागा बदलली. मी नेम मोडला होता. तोंडात ती चव होती आणि ती आता कशानंही जाणार नव्हती. मी ठरवलं की बोलायचं नाही. पटकन गाळून टाकायची. वन्संना सांगायचं की काडी पहाटेच विझली.

गाळणी ओली करायला ठेवली तोवर वन्सं आल्याच. लठ्ठ देह, डोक्याला हिरवा रुमाल, एका हातात थर्मास, दुसऱ्यात मोडांची पिशवी. थर्मास टेबलावर. नाकपुडीत तपकिरीची चिमूट. मग सरळ मागच्या खोलीत. "कशी आहे?"

"बरी आहे, वन्सं."

"काडी लावली?"

"पहाटे," मी म्हणाले. पुढचं वाक्य तयार होतं आणि घशातून बाहेर आलं नाही. त्यांनी हात पुढे केला, मी काडेपेटी दिली. त्यांनी काडी ओढली, आत धरली. ती जळत राहिली. वन्संनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"झोपलीय," त्या म्हणाल्या. "बघितलंस? वर्षभर मी तोंड मिटून बसलेय, मामबांबो. पण हे बघ. तुझ्या हाताला ती उठत नाही. रुसलाय तो." त्यांच्या आवाजात राग कमी होता. त्यालाच मी जास्त घाबरले. तो आवाज घाबरलेला होता. "उद्या सगळे येतील आणि माझ्या भावापुढे काय ठेवणार, पेज? सर, बाजूला हो." त्यांनी दातांनी पिशवीचा कोपरा फाडला.

मी त्यांचं मनगट धरलं. या घरात आल्यापासून मी मोठ्या माणसांच्या अंगाला कधी हात लावला नव्हता. "नका घालू, वन्सं. झालीय ती."

"कशावरून?"

पिशवीतून थोडे मोड जमिनीवर सांडले होते, ते मी बघत होते.

"कशावरून म्हणते मी? काडी जळतेय डोळ्यांसमोर. तुला काय स्वप्न पडलं?"

"मी प्याले."

त्यांचा हात माझ्या हातात सैल पडला. "कोण? तू?"

"आत्ता. तुम्ही यायच्या आधी."

"तू तर..." त्यांनी माझ्या छातीकडे बघितलं, जणू तिथे लाल ब्लाउज असावा. "आणि तुझ्या त्या बायका?"

"गुरुवारी सांगेन त्यांना. काढून घेतील ब्लाउज तर घेतील."

"एकटीच प्यालीस? इथे कुणी नसताना?" त्या हे हळूहळू बोलल्या, एकेका शब्दाला हात लावून बघत असल्यासारख्या. "कुणी बघत नसताना." मग एकदम चिडल्या, "पण का? सासू तुझी दारातून सांगायची! एवढं शिकवलं तिनं तुला, नाक कशाला दिलंय देवानं?"

"मला वास येत नाही, वन्सं."

"सर्दी झालीय?"

"नाही. येतच नाही."

"कधीपासून?"

"दार लागलं तेव्हापासून," मी म्हणाले.

बाहेर बैलानं माशा हाकलायला शेपूट मारली, ती मधल्या भिंतीवर लागल्याचा आवाज झाला. वन्संनी पिशवी खाली ठेवली. पालथ्या क्रेटवर बसल्या, ते त्यांच्या वजनानं कुरकुरलं. बराच वेळ त्या माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या, मधोमध, जिथे हाड वाकडं जुळलंय तिथे, आणि मी तो चेहरा फिरवला नाही. मग त्यांनी हात लांब करून डवला उचलला, पिंपात बुडवला, काठोकाठ भरून वर काढला आणि न थांबता सगळा प्यायल्या. त्यांचा घसा वरखाली होताना मी बघितला. हनुवटीवरून ओघळ आला तो त्यांनी रुमालाच्या टोकानं पुसला.

"आंबट आहे," त्या म्हणाल्या.

"हो."

"चांगली आहे." आणि उठल्या. "चल. निवत चाललीय, मग गाळायला त्रास देते."

आम्ही दोघींनी मिळून गाळायला घेतलं. मी गवताच्या लांब गाळणीत डवल्यानं ओतायचे, त्या दोन्ही हातांनी ती पिळायच्या. चोथा घट्ट होत जायचा आणि खाली मातीच्या भांड्यात गुलाबीसर धार पडायची. त्यांच्या मनगटांवर पिठाचे थेंब वाळत होते. मी उद्याचा विचार करत होते: फांदी, ती रिकामी सीट, या भिंतीपाशी टेकवली जाणारी ती फांदी. माझ्या तोंडातली चव तशीच होती. आता उद्या दुसरा घोट घ्यायचा, तो सगळ्यांसमोर, आणि गिळायचा. पहाटे याच तोंडानं मी काय म्हणणार, ते मला ठाऊक नव्हतं.

फाटक वाजलं. खर्रर्र, लोखंड सिमेंटवर, पायानं ढकललेलं.

माझा डवला हवेतच राहिला. कान पावलांकडे गेले. आणि मग मला दिसलं की धार थांबलीय. वन्संची बोटं गाळणीभोवती जिथल्या तिथे गोठली होती, मान एका बाजूला कललेली, ओठ थोडे उघडे. त्याही पावलं ऐकत होत्या. ही ऐकण्याची पद्धत मी ओळखत होते. ती एका रात्रीत कुणी शिकत नाही.

पावलं सरळ आली. थांडाझो दारात उभी राहिली, दोन्ही बगलांत पाव, दोन्ही हातांत पिशव्या, घामानं डबडबलेली. "फाटक उचलायला हात नव्हता रिकामा," ती म्हणाली, मग आमच्याकडे बघून थबकली. "काय झालं दोघींना? भूत बघितलंत का?"

वन्संनी बोटं सोडवली आणि गाळणी पुन्हा पिळायला घेतली. धार परत सुरू झाली.

"अजून नाही," त्या म्हणाल्या. "उद्या यायचंय त्याला." मग माझ्याकडे न बघता, फक्त मला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाल्या, "तू माझ्या शेजारी उभी राहा."